‘द हॉन्टिंग’ (१९६३) ची ब्लू-रे: आठ महिने वापरल्यावर

आधी साल बघा, मग पैसे भरा. हे शिकायला माझे एकोणीस दिवस गेले. ‘द हॉन्टिंग’ नावाचे सिनेमे दोन, आणि दोन्ही शर्ली जॅक्सन यांच्या १९५९च्या कादंबरीवरून. मला हवा होता १९६३चा, रॉबर्ट वाइज यांचा, कृष्णधवल. ऑनलाइन विक्रेत्याच्या पानावर चित्र त्याचंच होतं, पण पाकिटातून निघाला १९९९चा रंगीत. त्यात लियाम नीसन, कॅथरीन झिटा-जोन्स आणि कॉम्प्युटरने तोंडं हलवणारी लाकडी बाळं. मग परत पाठवा, फोटो पाठवा, तोच फोटो पुन्हा पाठवा. शेवटी दुसरीकडून वॉर्नर कंपनीने २०१३मध्ये काढलेली अमेरिकन ब्लू-रे डिस्क मागवली, टपालखर्च धरून दोन हजारांच्या आत-बाहेर. गेल्या जुलैत हातात आली. तेव्हापासून सिनेमा पूर्ण असा सात वेळा बघितला. तुकड्यातुकड्याने किती वेळा, त्याचा हिशेब नाही.

नव्वदच्या दशकातल्या केबलवाल्यांना आठवत असेल, रात्री कार्टून नेटवर्क बंद झालं की त्याच चॅनेलवर टीएनटी सुरू व्हायचं, जुने हॉलिवूड सिनेमे. नववीत असताना तिथंच हा अर्धामुर्धा बघितला होता. चौदा इंची टीव्ही, केबलला मुंग्या, आवाज इतका बारीक की आईची झोप मोडू नये. इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं. एवढंच आठवत होतं की एका खोलीत दोन बायका पलंगावर एकमेकींना धरून बसल्यात आणि बाहेरून कुणीतरी भिंतीवर ठोके देत येतंय. पुढं काही वर्षं मी रात्री परसातल्या संडासात जाताना बॅटरी दोन्ही हातांनी धरायचो.

गोष्ट थोडक्यात अशी. डॉ. मार्कवे नावाचे एक गृहस्थ भुताटकीचा शास्त्रीय अभ्यास करायला हिल हाउस नावाचा बदनाम वाडा भाड्याने घेतात. सोबतीला एलेनॉर, जिचं तरुणपण आईच्या आजारपणात संपलं. थिओडोरा, जिला दुसऱ्याच्या मनातलं कळतं. आणि वाड्याचा होऊ घातलेला वारस लूक. बस. पुढं जे होतं ते होतं. पण भूत एकदाही दिसत नाही. पांढरी साडी नाही, उलटे पाय नाहीत, कंदील घेऊन चालणारी बाई नाही. वाइज यांनी दिग्दर्शनाची सुरुवातीची वर्षं व्हॅल ल्यूटन या निर्मात्याकडे काढली होती, आणि त्या घराण्याची रीतच न दाखवता घाबरवायची. ‘वेस्ट साइड स्टोरी’ (१९६१) आणि ‘साउंड ऑफ म्युझिक’ (१९६५) या दोन ऑस्करवाल्या संगीतपटांच्या मधे माणसाने हा असला सिनेमा केला, याचं मला अजून नवल वाटतं.

आता डिस्कबद्दल. भूत दाखवलेलंच नसल्यामुळे या सिनेमाकडे भांडवल दोनच गोष्टींचं आहे, काळ्या रंगाच्या छटा आणि आवाज. प्रत खराब असली की दुसऱ्या सिनेमात चित्र बिघडतं, इथं भूतच नाहीसं होतं. म्हणून इतकं लांबण लावतोय.

चित्राची मूळ रुंदी पॅनाव्हिजन या कॅमेरा-भिंगांच्या कंपनीच्या पद्धतीची, २.३५ला १, म्हणजे उंचीच्या दुपटीहून जास्त. जुन्या चौकोनी टीव्हीवर पडदा भरायचा म्हणून दोन्ही बाजू कापायचे, तेव्हा चाळीस टक्क्यांहून जास्त चित्र बाहेर राहायचं. म्हणजे लहानपणी मी वाड्याचा अर्ध्याहून थोडाच जास्त भाग बघून घाबरलो होतो. ब्लू-रेवर पूर्ण रुंदी आहे, आणि पहिल्याच रात्री कळलं की वाइज यांनी माणसांना चौकटीच्या एका कडेला उभं करून उरलेली जागा रिकामी सोडलीय. नजर आपोआप त्या रिकाम्या जागेत जाते. तिथं एखादं दार असतं, आरसा असतो, पुतळा असतो. काही होत नाही. पण आपण वाट बघत राहतो.

आणि त्याच पहिल्या रात्री मी टीव्हीवर संशय घेतला. भिंती कडेला वाकलेल्या, दाराच्या चौकटी किंचित पोट पुढं काढून उभ्या. वाटलं टीव्ही चित्र ताणतोय. रिमोट घेऊन मेनूत अर्धा तास घातला. नंतर कळलं की दोष ना टीव्हीचा ना डिस्कचा. वाइज यांना खूप रुंद भिंग हवं होतं, पॅनाव्हिजनकडे ३० मिलिमीटरचं एक होतं पण ते अजून तयार झालं नव्हतं, चित्र वाकडं यायचं. वाइज म्हणाले, मला तेच द्या. भिंग सदोष आहे हे मला मान्य आहे, अशा कागदावर कंपनीने त्यांची सही घेतली आणि मग दिलं. तेव्हा भिंती वाकलेल्या दिसल्या तर मेनूत जाऊ नका.

काळा रंग उत्तम उतरलाय. उत्तम म्हणजे नुसता गडद नव्हे. काळ्यातही काळं दिसतं, कपाटाच्या आतला अंधार आणि कपाटामागचा अंधार वेगळे कळतात. कसोटीचा प्रसंग सांगतो. एलेनॉर रात्री अंथरुणात पडलीय, अंधारात थिओचा म्हणून एक हात घट्ट धरून, भिंतीपलीकडून कुणीतरी पुटपुटतंय, आणि कॅमेरा भिंतीवरच्या उठावाच्या नक्षीवर स्थिर आहे. पानं-वेली, बाकी काही नाही. हळूहळू उजेड बदलतो आणि त्या पानांत डोळे-तोंड दिसायला लागतं. दिसतं की आपणच जुळवतोय, ते ठरत नाही. मधे एका मित्राच्या फोनवर हाच सिनेमा भाड्याने घेऊन बघितला होता, तर त्या भिंतीच्या जागी करड्या चौकोनांचा चिखल. स्ट्रीमिंगवाले अंधाराला सगळ्यात आधी कात्री लावतात, अंधारात कुणाला काय दिसतंय म्हणून. ब्लू-रेला चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत मुभा असते, ती इथं कामी येते. पानाची एकेक शीर दिसते. आणि मग पान नाहीसं होऊन डोळा उरतो, तेव्हा पोटात खरंच गोळा येतो.

पडद्यावर सतत बारीक रवा हलताना दिसतो, तो फिल्मचा ग्रेन. यावरून आमच्याकडे वाद झाला. माझा एक मित्र यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग जुळवणारा कारागीर आहे, त्याला हौसेने बोलावलं. बसल्या बसल्या म्हणाला, “काय बे, दोन हजार दिलास आणि चित्रावर खसखस पडूलालीय की!” मी टीव्हीतलं नॉइज रिडक्शन, म्हणजे असा रवा पुसणारी सोय, चढवून दाखवलं. खसखस गेली. त्याबरोबर एलेनॉर झालेल्या जुली हॅरिस यांच्या गालावरची कातडी मेणाची झाली, कोटाची वीण गेली आणि दगडी भिंत सिमेंटच्या गिलाव्यासारखी झाली. मग त्याचं त्यालाच कळलं. म्हणाला, “म्हणजे खळ मारलेलं कापड.” अगदी तेच. विरळ विणीच्या कापडाला खळ जास्त मारली की दुकानात हाताला भरीव आणि गुळगुळीत लागतं, आणि एका धुण्यात ताणा-बाणा उघडा पडतो. वॉर्नरने या डिस्कला खळ मारलेली नाही. विणीसकट आहे तसं दिलंय. तुमच्या टीव्हीने मारू नये एवढं तुम्ही बघा.

त्यासाठी काय काय बंद करायचं ते सांगतो, कारण पहिले दोन महिने मी चुकीच्याच सेटिंगवर बघत होतो आणि डिस्कला नावं ठेवत होतो. शार्पनेस शून्यावर किंवा शून्याजवळ, नाहीतर माणसांच्या कडेने पांढरी रेघ येते. चित्र गुळगुळीत चालवणारं जे काही असेल, प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, ते बंद. ग्रंथालयातल्या गोल लोखंडी जिन्याचा प्रसंग त्याने पार वाया जातो. तिथं जिन्याच्या कठड्याचाच रूळ करून कॅमेरा सोडलाय, त्यात एक झोकांडी आहे, आणि टीव्हीने ती सपाट केली की मॉलमधला सरकता जिना वाटतो. रंगाचं तापमान ‘वॉर्म’वर ठेवा. रंगीत सिनेमात चालून जातं, पण कृष्णधवल चित्र थंड सेटिंगवर निळं पडतं, निळीत बुडवलेल्या धोतरासारखं. आणि खोलीतला दिवा पूर्ण घालवू नका, टीव्हीमागे एक झिरो बल्ब ठेवा. स्वस्त टीव्हीचा काळा मुळात राखाडी असतो, मागे थोडा उजेड असला की तोच डोळ्याला काळा लागतो. हे मला आठव्या महिन्यात सुचलं. आधी सुचतं तर बरं झालं असतं.

वाड्याचं बाहेरचं रूप इंग्लंडमधल्या स्ट्रॅटफर्डजवळच्या एटिंग्टन पार्कचं आहे, आता तिथं हॉटेल चालतं. त्यातले काही शॉट इन्फ्रारेड फिल्मवर घेतलेत म्हणून दगड असा अंगावर येतो. डिस्कवर तो फरक स्वच्छ दिसतो, आधीच्या शॉटमधलं आभाळ आणि नंतरचं आभाळ एका जगातलं वाटत नाही. आतल्या खोल्या मात्र बोरहॅमवुडच्या एमजीएम स्टुडिओत उभ्या केलेल्या, आणि मुद्दाम छतासकट. स्टुडिओत छत सहसा बांधत नाहीत, दिवे लावायला वरून मोकळं ठेवतात. इथं छत आहे आणि ते डोक्यावर बसतं. माळवदाच्या घरात वाढलेल्याला हे वेगळं सांगायला नको. आमचं घर सोलापूरच्या शुक्रवार पेठेतलं, आजोबांच्या काळातलं. सोप्यात उभं राहून हात वर केला की तुळईला लागतो. सोप्यातच टीव्ही.

आवाज मूळचा मोनो, म्हणजे सगळा एकाच वाटेने येणारा, आणि डिस्कवरही मोनोच. चार लोकांनी मला यावरून डिस्क घेऊ नको म्हणून सांगितलं होतं. मी उलट सांगेन. पाच-सहा स्पीकर असतील तर ‘सगळीकडून आवाज’वालं बटण दाबू नका, ठोका कुठून आला ते कळेनासं होतं आणि नुसता गोंगाट उरतो. फक्त समोरून ऐका. संगीत हम्फ्री सर्ल यांचं, ते रूढ चाली टाळणाऱ्या वेबर्न या संगीतकाराकडे शिकलेले, त्यामुळे गुणगुणायला काही मिळणार नाही. पण ठोक्यांच्या प्रसंगात राज्य आवाजांचंच. आधी लांब, जड, कुणी तोफेचा गोळा भिंतीवर आपटावा तसा. मग जवळ. मग थांबतो. त्या थांबण्यात खरखर नाही, सुईच्या आवाजासारखं काही नाही. शांतता इतकी स्वच्छ उतरलीय की आपल्याच घरातले आवाज ऐकू यायला लागतात.

ऑगस्टमधली गोष्ट. रात्रीचा एक वाजला होता. गल्लीतला शेवटचा माग बंद झाला होता, आई आत झोपलेली. टीव्हीवर नेमका तोच प्रसंग. ठोके कॉरिडॉरमधून दारापर्यंत आले, थांबले, दाराची मूठ हळूच फिरायला लागली. आणि माझ्या मागे, परसाच्या बाजूने, कुणीतरी लांब श्वास घेतला. फुस्स करून. मग गुरगुरल्यासारखं. मग भिंतीवर धडधड, धडधड. खोटं सांगत नाही, माझ्या हातातली शेंगाचटणीची वाटी मांडीवर सांडली. आतून आईचा आवाज, “अरे ऊठ की, पाणी आलंय!”

सोलापूरकरांना पुढचं सांगायची गरज नाही. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांआड येतो, आणि कधी येईल ते उजनी धरणालाच ठाऊक. पाणी यायच्या आधी पाइपातली हवा बाहेर पडते, नळ श्वास टाकतो आणि सैल पाइप भिंतीवर आपटतो. चाळीस वर्षं ऐकतोय. त्या रात्री पहिल्यांदा घाबरलो.

हौद, दोन बॅरल, घागरी, वरची टाकी, असा पाऊण तास गेला. डिस्क लावलेलं प्लेस्टेशन चालूच होतं, चित्र थांबवलेलं, दाराची मूठ अर्धी फिरलेली. ब्लू-रेसाठी जगाचे ए, बी, सी असे विभाग पाडलेत, भारत सी विभागात येतो आणि ही प्रत अमेरिकेची, पण वॉर्नरच्या बहुतेक डिस्कना विभागाचं कुलूप नसतं, माझी पहिल्या फटक्यात चालली. पाणी भरून झाल्यावर आईची झोप उडालेली. पदराला हात पुसत सोप्यात बसली आणि म्हणाली, लाव. सबटायटल इंग्रजी आहेत, मराठी-हिंदी नाहीत, आणि असते तरी तिने चष्मा आणला नसता. अर्धा तास गप बसून बघितलं. दिवाणखान्याचं ते मोठं दार आत फुगायला लागलं तेव्हा पुढं वाकली. थर चिकटवून केलेलं लाकूड आणि मागून ढकलणारा माणूस, एवढीच ती युक्ती. डिस्क इतकी स्वच्छ असूनही कुठं शिवण दिसत नाही, लाकूडच वाकताना दिसतं. आमचं कोठीचं दार पावसाळ्यात फुगतं, खांदा लावल्याशिवाय उघडत नाही, त्यामुळे आईला त्यात विशेष वाटलं नसावं. ती एलेनॉरकडे बघत होती. मग म्हणाली, “ती बाई घाबरली म्हणून वाजूलालंय, का वाजूलालंय म्हणून घाबरली?”

या सिनेमावर मी बरंच काही वाचलंय. सगळे शेवटी याच प्रश्नाशी येऊन थांबतात, फक्त त्यांना पानं जास्त लागतात.

जुली हॅरिस यांचं काम पुन्हा पुन्हा बघण्यासारखं आहे आणि ब्लू-रेवर ते नव्याने दिसतं. डोळे पाणावतात पण थेंब पडत नाही, ओठ एका बाजूने थरथरतो. चित्रीकरणाच्या काळात त्या थिओ झालेल्या क्लेअर ब्लूम यांच्याशी सेटवर बोलायच्याच नाहीत. ब्लूम यांना वाटलं काही चुकलं का आपलं. काम संपल्यावर हॅरिस भेटवस्तू घेऊन घरी आल्या आणि सांगितलं, भूमिकेसाठी लांब राहिले. हे कळल्यावर दोघींचे प्रसंग परत लावले. एलेनॉर थिओकडे बघते त्यात संशय आहे, आणि थिओच्या चेहऱ्यावर कधी कधी खरोखरचं बुचकळ्यात पडणं आहे.

जादा ऐवज म्हणाल तर फारसा नाही. ट्रेलर आणि कॉमेंटरी. पण कॉमेंटरीत स्वतः वाइज, पटकथाकार नेल्सन गिडिंग आणि चारही मुख्य कलाकार आहेत. जुन्या डीव्हीडीसाठी केलेली तीच इथं घेतलीय. एका बैठकीत बसून बोललेले नाहीत, तुकडे जोडलेत, त्यामुळे गप्पांची मजा कमी. तरी ऐका. हॅरिस ऑगस्ट २०१३मध्ये गेल्या आणि ही डिस्क ऑक्टोबरमध्ये आली, त्यामुळे त्यांचा आवाज ऐकताना जरा वेगळं वाटतं. बाँडपटांतल्या मिस मनीपेनी, लोइस मॅक्सवेल, मार्कवेंच्या बायकोच्या भूमिकेत उशिरा येतात. पहिल्या वेळी मी ओळखलंच नाही.

तक्रारी आहेत. डबीतली डिस्क धरणारी दातेरी चकती तिसऱ्या महिन्यात मोडली. आता डिस्क आत खुळखुळते, म्हणून मी ती जुन्या लग्नाच्या अल्बमच्या कागदी पाकिटात ठेवतो. आमच्याकडची धूळ आणि ब्लू-रे यांचं जमत नाही. एकदा शेवटच्या वीस मिनिटांत चित्र अडखळायला लागलं, मला वाटलं गेले दोन हजार. चष्म्याच्या मऊ फडक्याने मधून बाहेर सरळ पुसली, गोल नाही, आणि चालली. काही ठिकाणी चित्र क्षणभर मऊ होतं, एका दृश्यातून दुसरं उमटतं तिथं. तो बहुधा जुन्या फिल्मवरच्या प्रक्रियेचा भाग, सगळ्याच जुन्या सिनेमांत असतो, त्यासाठी मी गुण कापत नाही. डबीच्या पाठीवरची अक्षरं मात्र मुंगीएवढी, त्यासाठी कापतो.

कुणी घेऊ नये? ज्याला पहिल्या पंधरा मिनिटांत कुणी मेलेलं लागतं त्याने. आणि ज्याच्याकडे फक्त फोन आहे त्यानेही थांबावं, एखाद्याच्या घरी मोठ्या टीव्हीवर बघायला मिळतो का ते बघावं. मी स्वतः प्रोजेक्टरवर बघायचं ठरवलं होतं, पण मार्च लागला, माळवदाखाली बंद खोलीत प्रोजेक्टरची गरम हवा म्हणजे भट्टीच. तो बेत पावसाळ्यावर गेला.

जॉबर मित्र त्या दिवशी मधेच झोपला होता. उठून म्हणाला, “भूत कुठंय बे? दोन तास झाले, नुस्तं दारच वाजूलालंय.” सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत भेटला तेव्हा डिस्क मागितली, म्हणे पोराच्या प्लेस्टेशनवर बघतो, त्या दिवशी थकलो होतो. दिली. परवा रात्री साडेअकराला त्याचा फोन. मला वाटलं कारखान्यात काही झालं. बराच वेळ बोललाच नाही, नुसता श्वास.

मग हळू आवाजात, बायकोला ऐकू जाऊ नये असं, “झोपलास का? मला एक सांग की. तिनं धरलेला तो हात कुणाचा होता बे?”